घळीतून उतरताना



आजच्या भाषणाचा विषय घरी सांगितला तेव्हा आमच्या मंडळी हसल्या. म्हणाल्या, "सदुसष्टाव्या वर्षी दोराला लोंबकळलात तेवढं पुरे होतं, आता ते रेडिओवर कशाला सांगायचं?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण केंद्रावरून पत्र आले, विषय त्यांनीच सुचविला, आणि मास्तर माणसाला बोलायला सांगितले की तो नाही म्हणत नाही. तेव्हा ऐका.

डोंगर चढण्याचा छंद आपल्याला माहीत आहे. गडकिल्ल्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला तो कुणी शिकवावा लागत नाही. पण डोंगर पाण्याच्या वाटेने उतरायचा, म्हणजे ज्या घळीतून ओढा खाली उडी घेतो त्याच घळीतून त्याच्या बरोबरीने आपणही उतरायचे, कुठे चालत, कुठे कमरेइतक्या पाण्यातून, कुठे पोहत आणि जिथे धबधबा कड्यावरून कोसळतो तिथे दोर लावून, हा प्रकार आपल्याकडे तसा नवा. इंग्रजीत त्याला कॅन्यनिंग म्हणतात. कॅन्यन म्हणजे खोल आणि अरुंद दरी. आपण तिला घळ म्हणतो, कुठे नाळ म्हणतो. युरोपात ही हौस जुनी आहे. मार्तेल नावाचे एक फ्रेंच गृहस्थ होते. गुहा धुंडाळण्यात त्यांनी जन्म घालविला. १९०५ साली त्यांनी फ्रान्समधल्या व्हेर्दों नदीची प्रचंड घळ आपल्या सोबत्यांसह पार केली. तेव्हा हा खेळ नव्हता, शोध होता. खेळ तो नंतर झाला.

आता मी ज्या घळीत गेलो ती सांगतो. अहमदनगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर. त्यात अकोले तालुका, आणि त्या तालुक्याच्या अगदी पश्चिमेच्या टोकाला साम्रद नावाचे लहानसे गाव. घोटीवरून शेंडीला यावे, भंडारदऱ्याचे धरण डाव्या-उजव्या हाताला दिसत-लपत राहते, तिथून घाटघरच्या अंगाने साम्रदला. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगीच नव्हे. एकीकडे रतनगड, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग, समोर खाली कोकण. मौज अशी की रतनगडाच्या अंगावर पडलेला पाऊस प्रवरेतून गोदावरीला आणि गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराला जातो. आणि हाकेच्या अंतरावर साम्रदच्या पठाराच्या कडेला पडलेला पाऊस कड्यावरून उडी घेऊन कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. दोन थेंब शेजारी शेजारी पडले, आणि एक पूर्वेला गेला, एक पश्चिमेला. शिक्षकबंधूंनी वर्गात नकाशा टांगून हे दाखवावे. मुले विसरत नाहीत.

तर हा पश्चिमेला जाणारा पाऊस ज्या फटीतून जातो ती सांधणची घळ. पठारावरून चालताना ती आहे हे कळतदेखील नाही. झाडीतून जरा उतार लागतो, एक ओहोळ सोबतीला येतो, आणि बघता बघता दोन्ही बाजूंना कातळ उभा राहतो. आधी पुरुषभर, मग घराएवढा, मग मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. मध्ये वाट कुठे चार माणसे शेजारी उभी राहतील एवढी, कुठे बैलगाडी जाईल एवढी. आकाशाची वरती नुसती एक पट्टी. ऊन आत येते ते मध्यान्हीला, तेही पाहुण्यासारखे.

अशी घळ झाली कशी? सह्याद्रीचा हा सारा दगड लाव्हारसाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो बाहेर आला, थरावर थर साचले. थर निवताना त्यात उभ्या चिरा पडल्या, आपल्या शेतात उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडतात तशा. पाणी आळशी असते; त्याला फट सापडली की ते दुसरीकडे जात नाही. त्याच त्या फटीतून पिढ्यान्‌पिढ्या, आपल्या नव्हे, पृथ्वीच्या पिढ्या, ते घासत राहिले. आणि थर सारखे नसतात. एक कठीण, त्याखालचा पोकळ-पोकळ, सच्छिद्र, मध्येच लाल मातीचा. मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढे आलेला राहतो, आणि तिथे धबधबा होतो. म्हणून आपले कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. घळीतून उतरणारा माणूस या पायऱ्याच उतरत असतो, फक्त प्रत्येक पायरी तीस-चाळीस फुटांची असते.

हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण पाण्याच्या वाटेला मी पस्तीस वर्षे गेलो नव्हतो. त्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे बरे नाही.

१९८७ सालचा श्रावण. मी तेव्हा घाटमाथ्यावरच्या एका गावी शाळेत होतो. आठवीच्या बावीस मुलांना घेऊन ओढ्यावरच्या धबधब्याला निघालो. वनस्पती ओळखायच्या, डबे खायचे, परत यायचे. गावाबाहेर एक गुराखी भेटला. घोंगडीची खोळ पांघरलेला, वयस्कर. म्हणाला, "गुरुजी, आज ओढ्याकडं नका नेऊ पोरं. वरती काळं झालंय." आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन पडले होते. मी हसलो. मुलांसमोर हसलो, हे मला अजून टोचते. म्हटले, बाबा, तासाभरात परत येतो.

तासाभराच्या आतच पाणी चढले. आमच्यावर एक थेंब पडला नव्हता. आधी पाणी गढूळ झाले, मग त्यात पाने आणि काटक्या आल्या, आणि हे काय म्हणून मी पाहतो आहे तोवर गुडघ्याचे पाणी मांडीला लागले. अठरा मुले अलीकडे होती, तीन पलीकडे आणि एक मधल्या खडकावर. मी नुसता ओरडत होतो आणि पाण्याच्या आवाजात माझे ओरडणे मलाच ऐकू येत नव्हते. तो गुराखी मागोमाग आला होता, माझा भरवसा नव्हता म्हणून आला असेल. त्याच्याजवळ लांब बांबू होता. वरच्या अंगाला एका झाडाला पाठ लावून त्याने तो बांबू खडकाकडे घातला आणि मुलाला ओढून घेतले. मुलाचे गुडघे फुटले, एका हाताला खोक पडली. तेवढ्यावर निभावले. पलीकडची तिघे संध्याकाळपर्यंत पलीकडेच बसून होती.

त्यानंतर मी मुलांना किल्ल्यांवर नेले, लेण्यांत नेले, पण ओढ्याला नेले नाही.

२०२२ साली माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बँकेत नोकरीला आहे. गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण घेतलेला, सुट्टीच्या दिवशी लहान लहान तुकड्या घेऊन डोंगरात जातो. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांधणला चला." मी म्हटले, अरे, माझे वय बघ. तो म्हणाला, "वय नको, गुडघे बघू." गुडघे त्याने खरेच पाहिले. जिना चढायला लावला, उतरायला लावला, रक्तदाबाचा कागद मागितला. हे मला आवडले. जो वाटाड्या तुम्हांला काही न विचारता घेऊन जातो त्याच्याबरोबर जाऊ नये.

पहिल्यांदा आम्ही गेलो ऑक्टोबरच्या मध्यावर. त्या वर्षी पाऊस लांबला होता, दिवाळी तोंडावर आली तरी आभाळ मोकळे होईना. आम्ही नऊ जण. सात तरुण मंडळी पुण्याची, कामधंद्याला लागलेली, मी आणि माझा विद्यार्थी. आणि साम्रदचे एक गृहस्थ वाटाडे म्हणून. त्यांचे नाव मी सांगत नाही, कारण तसे त्यांनीच बजावले आहे. "नाव सांगितलंत तर लोकं पावसाळ्यात बी धुंडत येतील," असे त्यांचे म्हणणे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. साठीच्या आसपासचे, महादेव कोळी समाजाचे, भाताची थोडी खाचरे, दोन म्हशी. दोराची विद्या माझ्या विद्यार्थ्याची. पाण्याची विद्या मामांची. आणि दोघांत ठरलेले असे की दोराविषयी शेवटचा शब्द याचा आणि पाण्याविषयी मामांचा.

घळीच्या तोंडाशी गेल्यावर मामांनी एक साधी गोष्ट केली. पहिल्या डोहाच्या काठाला, पाणी जिथे कातळाला टेकते तिथल्या चिरेत एक काडी खोचली. काही बोलले नाहीत. आम्ही शिरस्त्राणे चढवीत होतो, कमरेचे पट्टे आवळीत होतो, तरंगण्याची जाकिटे घालीत होतो, छायाचित्रे तर चाललीच होती. अर्धा तास सहज गेला. मामा उठून काडीकडे गेले. पाणी काडीवर चार बोटे चढले होते. पाऊस नव्हता. पट्टीएवढे आकाश दिसत होते तेही निळे होते.

मामा म्हणाले, "माघारी."

तरुण मंडळी नाराज झाली. साहजिक आहे. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली, पैसे भरलेले, सुट्टी घेतलेली. एकाने मोबाइलमध्ये पावसाचा नकाशा काढून दाखविला. त्यात आमच्या भागावर ढग नव्हता. मामांनी तो नकाशा कौतुकाने पाहिला आणि पुन्हा म्हणाले, "बराबर असंल. पण आज नाय जायचं." माझ्या विद्यार्थ्याने एक अक्षर न बोलता दोर गुंडाळायला घेतला. आम्ही वर आलो, मामांच्या अंगणात बसलो, भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला.

आता तुम्हांला वाटेल, दुपारी मोठा लोंढा आला आणि मामांचे म्हणणे खरे ठरले. तसे काही झाले नाही. पठाराच्या पलीकडच्या कडेला एक सर पडून गेली होती, तिचे पाणी चार बोटे चढले आणि संध्याकाळी उतरले. एक जण म्हणालाच, "म्हणजे गेलो असतो तरी चाललं असतं." मामा म्हणाले, "हां, चाललं असतं." त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. घ्या म्हणून आम्ही पुष्कळ सांगितले.

मी त्या रात्री झोपू शकलो नाही, आणि त्याचे कारण ढेकूण-डास नव्हते. सदतीस माणसांना वाचविणारा माणूस मी वाचला आहे, ऐकला आहे. पण काहीच घडले नाही आणि तरी जो बरोबर होता, असा माणूस मी प्रथमच पाहत होतो. १९८७ साली मी त्या गुराख्याचे ऐकून परत फिरलो असतो, तर पाणी आले हे मला कळलेही नसते. मुलांनी घरी जाऊन सांगितले असते की गुरुजी भित्रे आहेत.

चार बोटांचे एवढे काय, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी फळ्यावरचे एक गणित सांगतो. एक चौरस किलोमीटर पठार घ्या. त्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढा, सहज पडून जाणारा. पाणी किती झाले? दहा हजार घनमीटर. म्हणजे एक कोटी लिटर. गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा, तर एक हजार टँकर. शेतात हे पाणी मुरते. उघड्या कातळाच्या पठारावर ते फारसे मुरत नाही, सगळे एका तोंडाकडे धावते. आणि ते तोंड दहा फूट रुंदीचे. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस कोलमडतो तो यामुळे.

आणि हे आपल्याच अडाणीपणाने होते असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ सॅक्सेटन नावाचा ओढा आहे. २७ जुलै १९९९ रोजी वाटाड्यांसह माणसांची एक तुकडी त्याच्या घळीत उतरली. साधने उत्तम, पोशाख उत्तम. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला आणि पाण्याची भिंत आली. एकवीस माणसे गेली, त्यांत तीन वाटाडे. २००१ साली तिथल्या कोर्टाने सहल नेणाऱ्या मंडळींपैकी काहींना निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले. आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. मधल्या खडकावर एकमेकांना धरून ती उभी होती, आणि काठावर माणसे होती. ते चित्र मी दूरदर्शनसंचावर पाहिले आणि संच बंद केला.

असो. दुसऱ्यांदा आम्ही गेलो ते मार्गशीर्षात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आभाळ धुतलेले, थंडी पडलेली, भाताची मळणी उरकलेली. सातांपैकी पाच जण पुन्हा आले होते. ओढ्याला धार होती, पण काचेसारखी. मामांनी पुन्हा काडी खोचली, पुन्हा अर्धा तास थांबविले. काडी जागची हलली नाही. शिवाय त्यांचा पुतण्या पठारावर गुरे घेऊन होता. घळीच्या आत फोन लागत नाही, म्हणून आत शिरण्यापूर्वी त्याला फोन करून चारी दिशांचे आभाळ विचारून घेतले.

पहिला डोह कमरेइतका, दुसरा छातीच्या वर. पाणी असे गार की तोंडातून शब्द फुटेना. पुढे मोठमोठे धोंडे, घराएवढे, एकावर एक रचलेले. त्यांवरून, त्यांखालून, बसत, सरकत जायचे. मध्ये एका जागी मामा थांबले आणि वर बोट केले. आमच्या डोक्यांच्या वर, दोन पुरुष उंचीवर, कातळाच्या चिरेत गवताची गुंतवळ आणि एक वाळका फाटा अडकलेला होता. मी विचारले, हे तिथे कुणी ठेवले? मामा म्हणाले, "औंदाच्या श्रावणानं." मग कुणी काही बोलले नाही. सगळे जरा भराभर चालू लागले.

आता दोराविषयी. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या खेड्यापाड्यांतल्या मुलांनी हे काम शिकावे असे मला वाटते. विहिरीवर उतरणाऱ्याला दोर नवा नाही. पण हा दोर सुती किंवा काथ्याचा नव्हे, नायलॉनचा, करंगळीएवढा जाड, फारसा न ताणणारा. बाहेर विणलेले कवच, आत धाग्यांचा गाभा. माणसाच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टा, पट्ट्याला पोलादी किंवा अल्युमिनियमची कडी, तिला मळसूत्राचे कुलूप. कडीत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा धातूचा तुकडा अडकवितात आणि दोर त्यातून ओवतात. दोर धातूवर घासतो, त्या घर्षणानेच माणूस हळूहळू खाली जातो. म्हणजे माणसाला त्याच्या हाताचा जोर पेलत नसतो, घर्षण पेलत असते. हाताने नुसते नियमन करायचे. खालचा हात मागे घेतला की थांबला, सैल सोडला की चालला. शिवाय खाली उभा असलेला सोबती दोराचे टोक धरून असतो. वरच्याचा हात सुटलाच तर त्याने दोर खाली ताणला की वरचा जागच्या जागी थांबतो.

पण धबधब्यात काही नियम उलटे होतात, आणि इथेच शिकलेला माणूस लागतो. कोरड्या कड्यावर दोराच्या शेवटी गाठ मारतात, म्हणजे माणूस टोकावरून निसटू नये. जिथे खाली खोल डोह आहे तिथे गाठ मारीत नाहीत. कारण पाण्यात पोचलेला माणूस गाठीत अडकला आणि वरून धार त्याच्या डोक्यावर कोसळत राहिली तर तो दोराला बांधलेलाच बुडतो. तिथे दोर पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच सोडायचा. दोर धारेच्या मधोमध कधी लावायचा नाही, बाजूला लावायचा. धबधब्याखाली जिथे पाणी पांढरे, फेसाळ असते तिथे पोहता येईल असे समजायचे नाही, कारण त्या पाण्यात हवा मिसळलेली असते आणि ते माणसाला तितके उचलून धरीत नाही. वर तिथे पाणी उलटे फिरून माणसाला पुन्हा धारेखाली ओढते. ठाव घेतल्याशिवाय डोहात उडी नाही, मग तो डोह गेल्या वर्षी कितीही खोल असो. पुराने एका रात्रीत धोंडे आणून टाकलेले असतात. आणि बोलणे ऐकू येत नाही म्हणून शिट्ट्या. आमच्यात ठरलेले होते: एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे सोडा. बसल्याबरोबर त्या सर्वांकडून म्हणवून घेतल्या, पाढ्यांसारख्या.

तर पहिला कडा आला. चाळीसएक फूट असेल. शेजारून पाण्याची धार पडत होती आणि तिचे तुषार कातळावर. माझ्या विद्यार्थ्याने दोर लावला, मामांनी हात लावून पाहिला. आधी तो स्वतः उतरला, मग दोन तरुण. माझी पाळी आली तेव्हा मी कडेला पाठ करून उभा राहिलो. शरीर मागे टाकायचे असते. पाय कातळाला लावून खुर्चीत बसल्यासारखे बसायचे आणि मागे खुर्ची नसते. चाळीस वर्षे मुलांना घाबरू नका म्हणून सांगत आलो, आणि इथे माझे पाय आज्ञा ऐकेनात. मामा शेजारी उकिडवे बसले होते. म्हणाले, "गुरुजी, खाली नका बघू. पायाच्या फुडचा दगूड बघा. तेवढाच आपला." मग तेवढा बघितला. मग त्याच्या खालचा. मध्येच शेवाळावर पाय सरकला, खांदा कातळावर आपटला, तोंडावर पाणी आले, एक शिट्टी ऐकू आली, मी थांबलो. दोन ऐकू आल्या, निघालो. खाली पोचलो तेव्हा विद्यार्थ्याने कडी सोडविली आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते मी प्रगतिपुस्तके वाटताना मुलांच्या आईबापांच्या चेहऱ्यावर पाहिलेले आहे.

सगळे उतरल्यावर तो क्षण येतो ज्याच्याविषयी कुणी आगाऊ सांगत नाही. दोर वरच्या कडीतून दुहेरी ओवलेला असतो. शेवटचा माणूस खाली आला की एक टोक ओढायचे. दुसरे टोक वर जाते, कडीतून निसटते आणि सगळा दोर सरसर खाली येऊन पडतो. डोंगर चढणाऱ्याला नको वाटले तर तो परत फिरतो. इथे दोर खाली पडला की परत फिरणे नाही. पुढचे कडे उतरूनच बाहेर पडायचे. ऑक्टोबरात मामांनी आम्हांला थांबविले ते याच्या अलीकडे थांबविले होते. दोर पडला तेव्हा मी मामांकडे पाहिले. ते आभाळाच्या पट्टीकडे पाहत होते.

पुढचे दोन कडे लहान. दुसऱ्याचे काही विशेष नाही. तिसऱ्याला मी स्वतःहून पुढे झालो, हे सांगायला हरकत नाही. तिथून मात्र धोंड्यांतून चालणे आहे ते संपता संपत नाही. दोराची भीती दोन-चार मिनिटांची, धोंड्यांचा त्रास दिवसभराचा. गुडघ्यांनी पुढे आठ दिवस माझ्याशी अबोला धरला होता. घळ रुंदावली, ऊन आले, मागे वळून पाहिले तर आपण ज्या फटीतून आलो ती कड्यात नुसती एक काळी रेघ दिसत होती.

मध्येच एक सांगून टाकतो. शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. असा व्यवसाय करणाऱ्यांनी नोंदणी करावी, शिक्षण घेतलेली माणसे ठेवावीत, अशा गोष्टी त्यात आहेत. जाणाऱ्याने ते विचारून घ्यावे. पण माझे मत असे की एक प्रश्न आणखी विचारावा: "तुम्ही शेवटचे परत कधी फिरलात?" ज्याला आठवत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नये. आणि आमच्या डोंगरी गावांतल्या शाळांना विनंती, की ओढ्याला मोजणीची खूण करा. काठावरच्या दगडावर रंगाच्या रेघा पुरेत. पावसाळ्यात कोणत्या रेघेपर्यंत पाणी किती वेळात चढले, हे मुलांनी वहीत लिहावे. काठावरूनच पाहावे. दोन-तीन पावसाळ्यांत त्या ओढ्याचा स्वभाव गावाला कळेल, आणि उद्या या मुलांतून कुणी वाटाड्या झाला तर त्याची काडी आधीच खोचलेली असेल.

संध्याकाळी आम्ही डेहणे गावाच्या बाजूला उतरलो. तिथून आम्हांला जीपगाडीने आसनगावला जाऊन लोकल धरायची होती. मामांना मात्र करोली घाटाने पुन्हा वर साम्रदला जायचे होते, कारण म्हशी. आम्ही थकून लोळत होतो आणि ते पायातल्या चपलेचा अंगठा बांधून चढायला तयार. चहा झाला. तेवढ्यात मी त्यांना १९८७ ची हकीकत सांगितली. का सांगितली कुणास ठाऊक. घळीत उतरायच्या आधी सांगायची होती, ती राहून गेली होती. ढगाची, गढूळ पाण्याची, बांबूची, सगळी सांगितली. मामांनी नीट ऐकून घेतली. बांबू किती लांब होता ते विचारले. झाड वरच्या अंगाला होते की खालच्या, ते विचारले. मग म्हणाले, "बराबर केलं त्यानं. नाव काय व्हतं त्याचं?"

मी आठवू लागलो. मुलांची नावे आठवत होती, बावीसच्या बावीस. ज्याचे गुडघे फुटले तो आता नाशिकला असतो, त्याच्या मुलीचे लग्न झाले. गुराख्याचे नाव काही येईना. आणि मग ध्यानात आले की ते विसरलेले नाही. ते मी विचारलेच नव्हते.

मामा उठले. म्हणाले, "अंधार पडायच्या आत निम्म्यात जाया पायजे." आणि घाटाला लागले.